हट्टी रेणू

"वहिनी, तुझा हट्टी मोडला."

सकाळी प्रयोगशाळेत येऊन मी पिशवी खुंटीला अडकवते न अडकवते तोच माझ्या नणंदेने हे सांगितलं. जांभळ्या दिव्याच्या पेटीशी ती पाठमोरी उभी होती. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. रागावलेली ती मला सवयीची आहे. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला बोलावून बोलतात, तसा तो आवाज होता.

"कुठे मोडला?"

"शेपटीत. ये, बघ. आणि आधी बस."

मी बसले नाही.

हट्टी म्हणजे आमच्या घरातलं मूल नव्हे. मी बनवलेला एक रेणू आहे. पेशीच्या मध्यावर केंद्रक असतं, आणि त्यात पेशीचा सगळा वारसा कड्याकुलपात ठेवलेला असतो. लिपिडं म्हणजे चरबीच्या जातीचे रेणू. ती पेशीच्या भिंती बांधायला असतात, असंच आम्ही सगळे शिकलो. पण त्यांतली काही केंद्रकाच्या आत निरोप्याचं काम करतात. कुठलं कुलूप आता उघडायचं आणि कुठलं बंद ठेवायचं, असले निरोप. पंचाईत ही की निरोप सांगून झाला की निरोप्याला तिथल्या तिथे कापून टाकतात. त्याच कामाला बसलेली एन्झाइमं असतात, कात्रीसारखी. त्यामुळे निरोप पोचल्याचं कळतं. तो घेतला कुणी, ते कळत नाही. दार कुणी उघडलं ते बघायचं तर निरोप्या दारात उभा तरी राहायला हवा ना?

म्हणून मी निरोप्याची हुबेहूब नक्कल करते. डोक्यावरचे फॉस्फेटचे तुरे तसेच, खाली दोन लांब शेपट्या तशाच. फक्त जिथे कात्री चालते तेवढेच सांधे बदललेले. एका अणूच्या जागी दुसरा बसवला की कात्रीला तो सांधा ओळखूच येत नाही. शिवाय एका शेपटीच्या टोकाला चमकणारा टिकला लावते, म्हणजे जांभळ्या दिव्याखाली तो कुठेही दडला तरी हिरवा दिसतो. पहिली नक्कल फार हळवी निघाली, तिचं नाव नाजूक पडलं. दुसरी कशालाच दाद देईना. नणंद म्हणाली, "हा तुझ्यावर गेलाय," आणि तेव्हापासून तो हट्टी.

रेणू मी बनवायचा आणि केंद्रकांत तिने सोडायचा, अशी आमची वाटणी. ती माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. मी तिला वन्सं म्हणते, थट्टेने. ती मला वहिनी म्हणते, मनापासून. एकाच घरात आणि एकाच खोलीत काम करणाऱ्या नणंद-भावजया आजवर एकमेकींच्या झिंज्या न उपटता राहिल्या कशा, हा आमच्या मजल्यावरच्या लोकांचा आवडता प्रश्न. "उपटायला केस राहिलेत कुठे?" असं तिचं त्यावर उत्तर असतं.

हट्टीला घट्ट धरून बसलेलं एक प्रोटीन तिने केंद्रकातून बाहेर काढलं होतं. निरोप घेणारा सापडला होता. त्यावरचा तिचा लेख स्वीकारला गेला, छापण्याआधीची प्रत आली, आता संध्याकाळपर्यंत "छापा" एवढाच होकार कळवायचा राहिला होता. तिची कायमची नेमणूक या लेखावरच अडली होती. हंगामी म्हणून तिने इथे इतकी वर्षं काढली होती की नव्याने आलेली मंडळी तिला पाहुण्याबाई म्हणायची, आणि ती त्यांनाच चहा विचारायची. या वेळी नेमणूक झाली नाही तर खोली सोडायची, गाव सोडायचं, दुसरीकडे कुठे कुणाच्या हाताखाली परत पहिल्यापासून सुरुवात करायची. हे ती बोलून दाखवत नसे. पण गेले काही महिने घरातली स्वतःची पुस्तकं ती एकेक करून वाटून टाकत होती, ते मला दिसत होतं.

आणि होकार द्यायच्या आधी तिने स्वतःहून एक परीक्षा घेतली. कुणी मागितली नव्हती. हट्टी कात्रीला बधत नाही हे आम्ही नळीत, एकेका एन्झाइमसमोर ठेवून पाहिलं होतं. सगळ्या केंद्रकात, सगळ्या कात्र्यांच्या मध्ये तो तसाच राहतो का, ते तिला पाहायचं होतं. कारण आत तो तुटत असेल तर प्रोटीनने धरलंय ते हट्टीला नव्हे, त्याच्या तुकड्याला. आणि मग लेख खोटा.

मी पेटीच्या फटीला डोळा लावला. आत काचेची पट्टी होती, पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिलेली. तिच्या खालच्या कडेला थेंब ठेवायचा आणि पट्टी द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं, बरोबर रेणूंना घेऊन जातं. चरबी जास्त तो वर जातो, शेपटी गेलेला मागे राहतो. डाव्या बाजूला कुठेच न गेलेला, कोरा हट्टी होता: वर एक हिरवा ठिपका, स्वच्छ. उजव्या बाजूला केंद्रकातून परत काढलेला. त्याच उंचीवर एक फिकट डाग, आणि खाली, आरंभरेषेच्या जरा वर, दुसरा. चांगला ठसठशीत.

"दिसलं?"

"दिसलं."

"एक शेपटी गेलीय. टिकला नसलेली."

"तो सांधा कात्रीला सापडायला नको होता गं. माझंच काहीतरी कच्चं राहिलं असेल."

"तुझं कशाला? माझी केंद्रकं नीट धुतली गेली नसतील. बाहेरची घाण आत आली असेल."

"तुझी केंद्रकं आरशासारखी असतात. बनवताना माझाच—"

"वहिनी, दोष वाटून घ्यायला हा काही ताटातला लाडू नाही. तुला अर्धा, मला अर्धा. मोडलाय तो मोडलाय." तिने संगणकाकडे बोट केलं. "लेख मागे घेते म्हणून लिहून ठेवलंय. एकदा नजर घाल. शुद्धलेखन तुझं बरं आहे."

लग्नाची पत्रिका दाखवावी तशी ती दाखवत होती. मी वाचलं. चार ओळी होत्या. कुठेही कारणांची सारवासारव नाही, कुठेही स्वतःची कीव नाही. एका शब्दाची वेलांटी चुकली होती. मी ती दुरुस्त केली नाही. दुरुस्त केली असती तर ते पाठवायला तयार झालं असतं.

"वजनाच्या यंत्रावर टाकून बघू," मी म्हटलं. रेणूचं वजन सांगणारं यंत्र आमच्याकडे आहे. त्याने क्षणात खरं-खोटं केलं असतं.

"त्याचा पंप बसलाय. दुरुस्तीवाला 'आलोच' म्हणून गेलाय."

"कधी?"

"तेव्हा तुझे केस काळे होते."

एवढ्यात आमचे विभागप्रमुख आले. त्यांना सगळे आजोबा म्हणतात. वयासाठी नव्हे, कुणाचंही भाषण सुरू झालं की त्यांची मान छातीवर येते म्हणून. नणंदेने त्यांनाही पट्टी दाखवली. त्यांनी वाकून पाहिलं, सरळ झाले, पुन्हा वाकून पाहिलं.

"उद्या निवड समिती बसतेय," ते म्हणाले.

"माहितीय."

"होकार पाठव म्हणणार नाही, पाठवू नको म्हणणार नाही. एवढंच सांगतो, तरुणपणी मी एक लेख परत घेतला होता. खूप रडलो होतो. पण त्यामुळे मला आज कुठेही झोप लागते."

"ते सगळ्यांना माहितीय, सर," नणंद म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. ते गेल्यावर ते हसू तसंच तिच्या तोंडावर राहून गेलं, पाहुणे गेल्यावर मांडून राहिलेल्या खुर्च्यांसारखं.

माझा एक नेम आहे. प्रयोगाचा निकाल देवाजवळ मागायचा नाही. पहाटे दिवा लावते तेव्हा म्हणते, हात स्थिर ठेव, डोळा खरा ठेव. पुढचं तुझं तू बघ. निकाल जसा आहे तसा त्याने आधीच ठेवलेला असतो, आपण फक्त झाकण उघडायचं. त्या सकाळी झाकण उघडलं होतं आणि आत जे होतं ते मला नको होतं. अशा वेळी मी एकच पाळते, घाई करायची नाही.

"मला सगळं पहिल्यापासून सांग," मी म्हटलं. "पाठ म्हणतात तसं. काही गाळू नको."

"वहिनी, मी काय शिकाऊ आहे?"

"नाहीस. म्हणून तर गाळशील."

तिने डोळे मिटले आणि धडा म्हणावा तसं सुरू केलं. "पेशी घेतल्या. गार पाण्याने, मिठाच्या, दोनदा धुतल्या. फुगवल्या. भिंती फोडल्या. केंद्रकं साखरेच्या पाकातून खाली बसवली. वरचं टाकून दिलं. केंद्रकं धुतली. हट्टी सोडला. ऊब दिली. क्लोरोफॉर्म, मिथेनॉल घातलं. हलवलं. खालचा थर काढला. सुकवला. पट्टीवर ठेवला. झालं."

"केंद्रकं धुतली कशाने?"

"नेहमीच्या बफर द्रावणाने."

"नेहमीच्याच?"

"नेहमीच्याच... म्हणजे, जरा बदललेल्या. या वेळी ती फुटत होती गं. एकदा फुटली की आतले सगळे धागे बाहेर आणि नळीत नुसता शेंबूड. पिपेटही वर ओढेना. म्हणून मी त्यात कॅल्शियम घातलं. जेमतेम. त्याने ती टणक राहता—"

ती थांबली. डोळे उघडले.

जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, बालदीच्या काठाला पांढरट कडं धरतं, हे कुठल्याही घरात दिसतं. ते कडं म्हणजे साबणाला चिकटलेलं कॅल्शियम. साबण आणि हट्टी चुलत भाऊच म्हणायचे. त्यात हट्टीच्या डोक्यावरचे तुरे असे की कॅल्शियम दिसलं की कवटाळलंच त्यांनी. ते ओझं डोक्यावर घेऊन तो पट्टीवर वर चढणार कसा?

"मोडला नसेल तो," मी म्हटलं. "नुसता ओझ्याने मागे राहिला असेल."

"किंवा शेपटी गेलेली असेल. मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस हं."

"बरं वाटावं म्हणून मी कधी बोलते का?"

"नाही. म्हणून तर कुणी नवी साडी तुला दाखवत नाही."

बोलता बोलता तिने हातमोजे चढवले होते.

आधी कोरा हट्टी घेतला, ज्याने केंद्रक कधी पाहिलंच नव्हतं. त्यात कॅल्शियमचा थेंब घातला आणि पट्टीवर ठेवला. पट्टी टाकीत उभी केली आणि झाकण लावलं. द्रावण वर चढताना कुणी काही करू शकत नाही. पहिल्यांदा वेगाने चढतं, मग मध्ये आल्यावर रेंगाळतं, जणू वाटेत कुणी ओळखीचं भेटलंय. मी मनातल्या मनात जप करत होते. नणंद टाकीसमोर हनुवटी टेकून बसली होती.

तेवढ्यात तिच्या आईचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा फोन आला. तिने तो माझ्याकडे सरकवला.

"ती फोन का उचलत नाही?" सासूबाई.

"कामात आहे, आई."

"सकाळी काही न खाता गेली. तुझा तर उपास. एकीचा देवासाठी, दुसरीचा कशासाठी?"

"खाईल ती."

"काय बिघडलंय? तुझ्या आवाजावरून कळतंय मला."

"एक रेणू मोडलाय की नाही ते बघतोय."

"मग दुसरा आणा. घरात कपबशा काय कमी फुटतात?"

मी फोन ठेवला. पट्टी बाहेर काढली, वाळवली, दिव्याखाली धरली. कोऱ्या हट्टीचे दोन ठिपके झाले होते. एक वर. एक खाली, बरोबर त्याच उंचीवर, रेषेच्या जरा वर.

मला वाटलं ती उडी मारेल. ती फक्त "हं" म्हणाली.

"हं काय?"

"असं होऊ शकतं एवढं कळलं. माझ्या नळीत असंच झालंय, हे नाही कळलं. शेपटी तुटलेला आणि ओझ्याने वाकलेला, दोघंही तिथेच थांबत असतील."

खरं होतं. कुणी मागितलेली नसताना जिने परीक्षा घेतली, ती अर्ध्या उत्तरावर थोडीच उठणार. "मग कॅल्शियम काढून टाकू," मी म्हटलं. "ओझं उतरलं की हट्टी वर जाईल. शेपटीच गेली असेल तर जाणार नाही."

केंद्रकातून काढलेला नमुना फार उरला नव्हता. दोन वेळा पट्टीवर ठेवता येईल एवढाच. त्यातल्या अर्ध्याला आम्ही ईडीटीए दिलं. कॅल्शियमला चिमट्यात धरून ओढून नेणारं साधं औषध. पुन्हा पट्टी, पुन्हा टाकी, पुन्हा वाट. या खेपेला वरचा ठिपका भरला होता आणि खालचा विरळ झाला होता. पण होता.

"अर्धवट," ती म्हणाली. "थोडं कॅल्शियमचं होतं, ते गेलं. राहिलंय ते तुटलेलं."

"किंवा ईडीटीएला सुटलं नाही तेवढं. प्रोटीनमध्ये अडकून बसलं असेल. ईडीटीएचा जीव तो केवढा."

"वहिनी."

"काय?"

"बाहेर सगळे हे रेणू काढताना आम्लाने धुतात. आम्लापुढे कॅल्शियम टिकत नाही. प्रोटीनही सोडून देतं." ती हे माझ्याकडे न बघता बोलली, कारण आमच्या खोलीच्या दोन्ही फ्रीजवर आणि धूर ओढणाऱ्या हूडच्या काचेवर लाल चिठ्ठी आहे, माझ्याच अक्षरातली: आम्ल नको.

ती चिठ्ठी नाजूकच्या वेळची. नाजूकच्या शेपटीचा सांधा असा होता की आम्लाचा वास जरी लागला तरी निखळायचा. तेव्हा मी ठरवून टाकलं, या खोलीत आम्ल येणार नाही. आम्लाची बाटली नाही, आम्लाने धुतलेलं भांडं नाही. नवा कुणी आला तर पहिल्या दिवशी त्याला हेच सांगायचं. मी नेम पाळणारी बाई. एकदा धरलं की धरलं. लोक हसत, पण पाळत. पाळता पाळता विसरूनही गेले, की ते का पाळायचं.

"शेवटचा अर्धा नमुना आहे," मी म्हटलं. "आम्लाने काही झालं तर मग कधीच कळणार नाही."

"आम्लाने हट्टीला काय होईल?"

कागदावर मला ठाऊक होतं. त्याचे सांधे मीच बदलले होते, आणि नव्या सांध्यांना आम्लाचं काही देणंघेणं नाही. पण करून कधी पाहिलं नव्हतं. पाहायची वेळच येऊ दिली नव्हती.

"हा नियम कुणाचा, वहिनी? देवाचा?"

"माझा."

"कुणासाठी केलास?"

"नाजूकसाठी."

"नाजूक कुठे आहे?"

"संपली. शेवटची बाटलीसुद्धा धुऊन झाली."

"मग?"

तिने नमुन्याची नळी परत बर्फात ठेवली. माझ्या देवाधर्माची ती पुष्कळ थट्टा करते, पण नेमाला कधी हात लावत नाही. मी होऊन सोडेपर्यंत थांबते. मी लाल चिठ्ठीकडे पाहिलं. जखम भरून आल्यावरही पट्टी बांधून ठेवणं हा नेम नव्हे, भीती आहे. ती भीती मी इतक्या नेटकेपणाने पाळली होती की तिला नेमाचं तेज आलं होतं.

"नमुन्यावर लगेच नाही," मी म्हटलं. "आधी कोऱ्या हट्टीवर. माझ्या रेणूचं काय व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे."

आमच्या खोलीत आम्ल नव्हतंच. मी शेजारच्या खोलीत गेले. तिथले दाढीवाले रसायनवाले आपल्या काचकामात गढले होते.

"थोडं हायड्रोक्लोरिक द्याल का? पातळ केलेलं चालेल."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुम्हाला? आम्ल? सोवळं सुटलं वाटतं!"

"सुटलं नाही. धुवायला काढलंय."

विरजण मागून आणावं तशी मी छोटी बाटली पदराआड धरून आणली.

कोऱ्या हट्टीला आम्ल दिलं. हलवलं, खालचा थर घेतला, अमोनियाच्या थेंबाने उरलेलं आम्ल मारलं. मग नणंदेने शेवटचा नमुना माझ्यापुढे ठेवला.

"तूच कर. माझा हात थरथरतोय."

"तुझा?"

"उपाशी आहे म्हणून," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.

मी त्यालाही आम्ल दिलं. पांढऱ्या सायीसारखा एक पडदा मधोमध गोळा झाला; केंद्रकातलं प्रोटीन सुटून तिथे आलं होतं. त्याच्याखालचा थर स्वच्छ होता. मी तो सुईने ओढून घेतला, पडद्याला धक्का न लावता. मग एकाच पट्टीवर तीन थेंब ठेवले: कोरा हट्टी, आम्लातून आलेला हट्टी आणि केंद्रकातून येऊन आम्लातून गेलेला. माझा हात स्थिर होता. पहाटे मागितलेलं मिळालं होतं.

पट्टी टाकीत गेली. आजोबा दारात आले.

"कळवलं का?"

"अजून नाही, सर. शेवटची पट्टी चढतेय."

"मग मी बसतो," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. थोड्या वेळात मान खाली आली. खोलीत त्यांच्या श्वासाचा तेवढा आवाज. नणंद माझ्या जवळ येऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. द्रावणाची ओली रेघ मध्यावर आली आणि नेहमीप्रमाणे रेंगाळली. माझ्या ओठांवर मागणं आलं, ती एक शेपटी राहिलेली असू दे रे, एवढंच. मी ते अर्ध्यात गिळलं. गिळलं खरं, पण देवाला काय, अर्धं ऐकूनही कळतं.

पट्टी काढली. वाळवली. पेटीत सरकवली. मी दिवा लावला आणि बाजूला झाले. "आधी तू."

ती फटीशी वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली.

"वन्सं?"

"तू बघ. माझा माझ्यावर विश्वास नाही."

मी पाहिलं. वर, एका ओळीत, एका उंचीवर, तीन हिरवे ठिपके. खाली पांढऱ्या भुकटीशिवाय काही नव्हतं.

"खाली काही दिसतंय?" तिने विचारलं.

"नाही."

"तिसऱ्याच्या खाली? रेषेशी?"

"काही नाही."

"चष्मा पूस."

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. "काहीही नाही गं. तिन्ही सारखे."

"सर!" ती ओरडली. आजोबा दचकून उठले. "सर, तुम्ही बघा. खाली काही आहे का?"

ते आले, वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. "तीन ठिपके," ते म्हणाले. "शाळेत प्रार्थनेला उभे राहतात तसे." मग तिच्याकडे वळले. "मोडलेला नाही तुझा."

"तो वहिनीचा आहे," ती म्हणाली आणि फ्रीजला पाठ टेकून सरळ जमिनीवर बसली. पाय पसरले, हातमोजे काढले, दोन्ही तळवे गार फरशीवर टेकले. "नाही मोडला. वहिनी, नाही मोडला. नुसतं ओझं होतं." मी तिच्या शेजारी बसले. इतकी वर्षं घरात आम्ही एकाच पंगतीला बसलो, पण असं शेजारी जमिनीवर, काहीच करायचं न उरलेलं, कधी बसलो नव्हतो.

"होकार पाठव आता," आजोबा म्हणाले.

"पाठवते. पण एक चित्र वाढवायला सांगते. आणि दोन ओळी: केंद्रकातून काढताना आम्लाने धुवावं, नाहीतर कॅल्शियममुळे रेणू तुटल्यासारखा दिसतो."

"आधी छापा म्हण, पुरवणी मागाहून."

"नाही सर, एकदमच. नाहीतर दुसरीकडे कुठेतरी कुणीतरी माझ्यासारखी सकाळी पेटीपुढे उभी राहील."

"उशीर होईल थोडा."

"होऊ दे. उद्या समितीला सांगा, पाहुण्याबाई जरा थांबणार आहेत."

आजोबांनी मान हलवली. ते नाराज नव्हते. दारातून वळून म्हणाले, "समितीला मी काय सांगायचं ते सांगतो. ही पट्टी मात्र मला द्या. नुसतं बोलून मी सांगितलं तर त्यांनाच झोप लागेल."

तिने ओळी लिहिल्या. मी वाचून दुरुस्त केल्या. या वेळी सगळ्या वेलांट्या. सकाळचं पत्र तिने पुसून टाकलं, आणि पाठवायच्या बटनावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पत्र गेलं.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सासूबाई दारातच होत्या. मी चपला काढत होते. नणंद उंबऱ्याशीच थबकली, आईकडे पाहिलं, आणि इतका वेळ अडवून धरलेलं रडू तिला तिथे फुटलं. लहान मुलासारखं, आवाज करून.

"अगं बाई! मोडलं का तुमचं ते?" सासूबाईंनी मला विचारलं.

"नाही, आई. नाही मोडलं."

"आणि हिची नोकरी?"

"बहुतेक राहील."

"मग हिला रडायला काय झालं?" त्या तिच्याकडे वळल्या. पदराने तिचं तोंड पुसलं, जरा जोरातच. "सगळं नीट झाल्यावर रडतेस? उफराटी कुठली! चल, आधी हातपाय धू. पान वाढलंय."

"दोन घास जास्त वाढ, आई," ती हुंदक्यातून म्हणाली. "आणि माझी पुस्तकं ज्यांना ज्यांना दिलीस, त्यांच्याकडून परत आण."

"मी दिली? तूच वाटत सुटली होतीस! आता मी दारोदार मागत फिरू?"

"मी जाते मागायला," मी म्हटलं आणि देवापुढे दिवा लावायला आत गेले. तिकडे स्वयंपाकघरात त्या दोघींची पुस्तकांवरून चांगलीच जुंपली होती. काडी ओढली, वात धरली. नेहमीचं मागणं म्हणायला हात जोडले, पण त्या दिवशी काही मागायचं सुचेचना. जोडलेल्या हातांनी मी तशीच उभी राहिले, त्यांचं भांडण ऐकत.